वाघ, भिंत आणि ताटी

१

कृत्रिम बुद्धिमत्ता पारंपरिक चित्रपटनिर्मितीची जागा घेईल का, हा प्रश्न मुंबईत विचारला जातो तेव्हा त्याच्यामागे स्टुडिओ, तारखा, मानधन आणि कामगार संघटना उभ्या असतात. तोच प्रश्न मुक्ताईनगरात विचारला की त्याचा अर्थ बदलतो. इथे स्टुडिओ नाही, छायाचित्रणाचे सामान भाड्याने देणारी पेढी नाही, चित्रपटावर पोट असलेला वर्ग नाही. जिथे चित्रपटनिर्मितीची जागाच तयार झाली नाही, तिथे यंत्र कोणाची जागा घेणार?

मी हा प्रश्न मुद्दाम इथून विचारतो आहे. मुंबईत यंत्र जुन्या व्यवसायाशेजारी येऊन बसेल, त्याच्याशी भांडेल, तडजोड करेल. इथे मात्र ते पहिलेच येईल. ज्या गावाचे, ज्या बोलीचे, ज्या माणसांचे चित्र माणसाने पडद्यावर फारसे आणलेलेच नाही, त्यांचे चित्र यंत्र काढील. आणि पहिले चित्र फार चिवट असते.

या तालुक्यापाशी कथा मात्र आहे, आणि ती चित्रपटवाल्यांना नेहमीच खुणावत आली आहे. पूर्वीच्या एदलाबादला ज्या मुक्ताईचे नाव मिळाले, ती परंपरेनुसार १२९७ मध्ये इथेच, तापीच्या परिसरात, विजेच्या लोळात गुप्त झाली. कोथळीत तिचे जुने मंदिर आहे. जवळच तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे मंदिर आहे. हतनूर धरणाच्या फुगवट्याचे पाणी आता संगमावर पसरलेले असते. गुरू मुक्ताई आणि वयाने कितीतरी मोठा शिष्य चांगदेव, असे हे नाते आहे. त्यांच्या कथेत तीन दृश्ये ठळक आहेत. चांगदेव वाघावर बसून, सापाचा चाबूक करून भेटीला येतो. भावंडे ज्या भिंतीवर बसली आहेत ती भिंतच चालत त्याला सामोरी जाते. आणि तिसरे, सर्वांत साधे दृश्य म्हणजे रुसलेला ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसला आहे आणि धाकटी बहीण बाहेरून त्याची समजूत घालते आहे.

वाघ, भिंत आणि ताटी. यंत्राने चित्रपटातले काय घ्यावे आणि त्याला काय घेता येणार नाही, हे तपासण्यासाठी मला ही तीन दृश्ये पुरेशी वाटतात.

२

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. 'पारंपरिक' चित्रपट म्हणजे खरे आणि यंत्राचा चित्रपट म्हणजे खोटे, अशी वाटणी आपल्या परंपरेला मान्य होणार नाही. भारतीय कथापटाचा जन्मच युक्तिदृश्यांच्या संगतीत झाला. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये आला; पण त्याआधी दादासाहेब फाळके यांनी बीजातून रोप वाढताना दाखवणारा छोटा पट करून पाहिला होता. कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत दाखवणे ही युक्तीच होती. 'लंकादहन' (१९१७), 'श्रीकृष्ण जन्म' (१९१८), 'कालिया मर्दन' (१९१९) हे पट लोकांनी पाहिले त्यात चमत्कारांच्या ओढीचा वाटा मोठा होता. वाघ आणि चालती भिंत यांना फाळके कधीच नाही म्हणाले नसते.

पण फाळक्यांनी आणखी एक गोष्ट केली आणि तिच्याकडे आपले दुर्लक्ष होते. 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. चित्रपटाच्या आरंभी फाळके आधी मंदाकिनीलाच दाखवतात. सात वर्षांची एक मुलगी आपल्यासमोर चेहऱ्यावर एकेक भाव आणते, आणि मग कृष्णाची गोष्ट सुरू होते. देव दाखवण्याआधी देव कोण करते आहे हे प्रेक्षकाला सांगितले जाते. चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा वेगळा पटही त्यांनी १९१७ मध्ये काढला. युक्ती लपवून दबदबा निर्माण करण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. तो त्यांनी घेतला नाही. चमत्कार करायचा आणि त्यामागचा माणूसही पुढे आणायचा, ही आपल्या चित्रपटाची पहिली रीत आहे.

'प्रभात'ने ही रीत पुढे नेली. दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'ची (१९३६) व्हेनिसच्या १९३७ च्या महोत्सवात दखल घेतली गेली. त्याच जोडीचा 'संत ज्ञानेश्वर' १९४० मध्ये आला आणि त्यात रेड्यामुखी वेद आले, भिंतही चालली. दोन्ही चित्रपटांचे लेखन शिवराम वाशीकरांचे. आज हे चित्रपट पाहताना गरुडाचे विमान आणि चालती भिंत थोडी बाळबोध वाटतात. एखादा हुशार मुलगा फोनवर याहून सफाईदार गरुड उडवून दाखवील. मग या चित्रपटांत टिकले काय?

'संत तुकाराम'मध्ये टिकली ती जिजाई. छोट्या कामांपासून सुरुवात केलेल्या गौरी या नटीने ती उभी केली. आजारी पोराला घेऊन देवळात जाणारी, विठ्ठलाला जाब विचारणारी, त्याच्यावर वहाण उगारणारी ही बाई चित्रपटाला जमिनीवर आणते. तुकाराम वैकुंठाला निघतो, जिजाई मागे राहते. तिला पोरे आहेत, चूल आहे. त्या शेवटात गरुड नेत्रदीपक आहे, पण अर्थ जिजाईकडे आहे. गरुड नसता तर ती कथा वेगळ्या युक्तीने सांगता आली असती. जिजाई नसती तर तो चित्रपट निव्वळ भक्तिपट झाला असता.

माझे पहिले निरीक्षण यातून निघते. आपल्या श्रेष्ठ संतपटांत चमत्कार हा चित्रपटाचा बदलता भाग आहे. तंत्र सुधारले की तो भाग नव्याने करता येतो, आणि करावाही. यंत्राचा दावा आज मुख्यतः याच भागावर आहे आणि तो मान्य करायला माझी हरकत नाही. वाघ यंत्राला द्यावा. खऱ्या वाघाचीही त्यातून सुटका होईल.

३

पण यंत्र वाघापाशी थांबत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'सोरा'ची प्रात्यक्षिके लोकांसमोर आली तेव्हा लेखी सूचनेवरून हलते चित्र मिळते याचेच नवल होते. मे २०२५ मध्ये गूगलच्या 'व्हिओ ३'ने चित्राबरोबर आवाज आणि संवादही दिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेली 'महाभारत – एक धर्मयुद्ध' ही मालिका दूरचित्रवाणीवर आणि जिओहॉटस्टारवर आली. पहिल्या मोठ्या प्रयोगाला पौराणिक विषयच निवडला जावा हे स्वाभाविक आहे. देवादिकांच्या चेहऱ्यांविषयी आपल्या मनात कॅलेंडरांनी घडवलेला एक साचा आहे, आणि साचा असला की यंत्राचे काम सोपे होते.

हा लेख लिहिताना मीही एका साधनाला मराठीतून सूचना देऊन पाहिली. तापी-पूर्णेचा संगम, वैशाखातली संध्याकाळ, आभाळ भरून आलेले, काठावर साध्या वस्त्रांतली सतरा-अठरा वर्षांची मुलगी. काही क्षणांत चित्र आले. वीज अप्रतिम होती. नदी मात्र काशीची होती, घाटांसकट. मागे उंच डोंगर होते. मुलीचा चेहरा साबणाच्या जाहिरातीतला होता. काठावर केळीची बाग घाल म्हटल्यावर केळीबरोबर नारळ आले. केळी, पाणी आणि हिरवळ एकत्र आली की केरळ, असे यंत्राच्या शिकवणीत ठसलेले असावे. रावेर-मुक्ताईनगरच्या काळ्या मातीतली, उन्हाने पाने फाटलेली केळीची बाग त्यात नव्हती.

ही चूक उद्या सुधारेल, म्हणून तिच्यावर माझा युक्तिवाद उभा नाही. चूक कशी होते ते महत्त्वाचे. यंत्र पूर्वी काढलेल्या असंख्य चित्रांवरून सर्वांत संभवनीय चित्र देते. ज्या प्रदेशाची चित्रे फार, त्याची छाया सगळ्यांवर पडते. ज्याची थोडी, तो प्रदेश दुसऱ्यासारखा दिसू लागतो. कॅमेऱ्याचे उलटे असते. कॅमेरा तापीकाठी नेला तर दिग्दर्शकाची इच्छा असो वा नसो, चौकटीत तापीकाठच येतो. चित्रकर्त्याला नको असलेल्या गोष्टीही कॅमेरा टिपतो. पारंपरिक चित्रपटाचे मोठे बळ या नकोशा गोष्टींत आहे.

पहिले चित्र चिवट असते असे मी म्हटले, त्याचा पुरावा विष्णुपंत पागनीसांत आहे. 'संत तुकाराम'नंतर त्यांचा चेहरा हाच तुकारामांचा चेहरा ठरला; घराघरांत लागलेल्या तसबिरींवर त्याची छाप पडली. तुकाराम कसे दिसत होते हे कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून पडद्याने दिलेला चेहरा टिकला. पण तो एका गाणाऱ्या माणसाचा चेहरा होता. त्या माणसाने आयुष्यातली वर्षे अभंग आळवण्यात घालवली होती. मुक्ताईवर दिग्पाल लांजेकर यांचा 'संत ज्ञानेश्वरांची मुक्ताई' हा चित्रपट एप्रिल २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. त्यातली मुक्ताई पटो वा न पटो, तिच्यामागे कोणीतरी मुलगी उभी आहे. भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या यांत्रिक चित्रफितींत मुक्ताईचा जो चेहरा हळूहळू रुळेल, त्याच्यामागे कोणी नसेल. मग आवडला नाही तर भांडायचे कोणाशी?

४

चेहऱ्याहून अवघड प्रश्न बोलीचा आहे. खानदेशाबाहेर समजूत अशी की इथे सगळे अहिराणी बोलतात. धुळे-नंदुरबारकडे अहिराणी आहे. मुक्ताईनगर, रावेर, यावल, भुसावळ या पट्ट्यात मात्र लेवा गणबोली आणि तावडी ऐकू येते. इथे 'ळ'चा 'य' होतो; केळीची केयी होते, डोळ्याचा डोया. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या साडेअठरा लाखांच्या वर होती. तरीही ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. केंद्र सरकारच्या 'भाषिणी' प्रकल्पाचा भर या अनुसूचीतल्या २२ भाषांवर आहे. लेवा बोली तर मराठीतच मोजली जाते, म्हणजे तिचा वेगळा हिशेबही नाही.

यंत्र भाषा शिकते ती लिहिलेल्या आणि ध्वनिमुद्रित झालेल्या मजकुरावरून. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी त्यांच्या ओव्या उतरवून घेतल्या, आचार्य अत्र्यांनी त्यांचे मोल ओळखले, आणि १९५२ मध्ये संग्रह आला. उतरवून घेणारा नसता तर मराठीला ती कविता मिळाली नसती. एका बहिणाबाईची वाणी लिहिली गेली. तिच्याबरोबर जात्यावर बसलेल्या बाकीच्यांची नाही. यंत्राला या पट्ट्यातल्या बाईच्या तोंडी संवाद घालायला सांगितले की ते प्रमाण मराठीत दोन-चार खेडवळ वळणे मिसळते. मुंबईच्या चित्रपटांनीही वर्षानुवर्षे हेच केले आहे, हे कबूल करायला हवे. पण माणसाच्या चित्रपटात एक फट राहते. स्थानिक नटी 'आमच्याकडं असं बोलत नाहीत' असे म्हणू शकते, आणि चित्रणाच्या दिवशी वाक्य बदलते. यंत्राच्या चित्रपटात हे म्हणणारी बाई खोलीतच नसते.

५

यंत्राच्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा स्वस्ताईचा आहे आणि तो गरिबांच्या वतीने मांडला जातो. मुक्ताईनगरच्या एखाद्या मुलीकडे कॅमेरा नाही, पैसे नाहीत, ओळखी नाहीत. यंत्राने तिला चित्रपट करता आला तर तुमच्या परंपरेने तिला काय दिले, असा तो सवाल आहे. त्याला उत्तर खानदेशाच्या वेशीवरच, मालेगावात शोधता येते.

मालेगाव नाशिक जिल्ह्यात, धुळ्याला लागून. यंत्रमागांच्या या गावात नासिर शेख यांनी तुटपुंज्या पैशांत 'मालेगाव के शोले' केला. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' होत असताना फैजा अहमद खान यांनी त्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) हा अनुबोधपट केला. रीमा कागतींचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' फेब्रुवारी २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला. अनुबोधपटात दिसते ते असे: बैलगाडीची क्रेन झाली आहे, सायकलवरून कॅमेरा फिरतो आहे, हिरव्या कापडासमोर सुपरमॅन उडतो आहे. कॅमेरा पाण्यात पडतो, आणि सगळ्यांचे चेहरे पडतात. सुपरमॅन झालेला शफीक यंत्रमागावर काम करणारा होता. पुढे कर्करोगाने तो गेला. आज तो अनुबोधपट पाहताना हसू येते आणि त्याच वेळी घसा दाटतो, कारण त्या काटकुळ्या माणसाचे खरे दिवस त्यात आहेत.

नासिर शेख यांच्याकडे तेव्हा आजचे यंत्र असते तर त्यांनी ते वापरले असते, यात मला शंका नाही. सुपरमॅन झोकात उडाला असता. पण बैलगाडी कोणी आणली असती? मालेगावचा चित्रपट म्हणजे संध्याकाळी माग बंद करून जमलेल्या माणसांचा उद्योग होता. गाव आधी चित्रपट करत होते आणि मग तोच पाहत होते. खोलीत एकट्याने सूचना लिहून केलेला चित्रपट स्वस्त पडेल, पण त्यात ही माणसे नसतील. म्हणून त्या मुलीने यंत्र वापरू नये असे मी म्हणणार नाही. विजेचा लोळ तिने यंत्राकडून घ्यावा. मुक्ताई मात्र शेजारच्या गल्लीतून घ्यावी.

स्वस्ताईला आणखी एक किंमत आहे. यंत्र आधी किरकोळ कामे घेते: पडदे, मागची गर्दी, छोटे आवाज, उपसंकलन. आपला चित्रपट याच किरकोळ कामांच्या वाटेने घडला. फाळक्यांची तारामती झालेले साळुंके एका उपाहारगृहात स्वयंपाकी होते. दामले आणि फत्तेलाल कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली रंग, पडदे, यंत्रे हाताळत शिकले आणि मग दिग्दर्शक झाले. गौरीही लहान कामांतून वर आली. पायऱ्या काढून घेतल्या की वरचा मजला शाबूत राहतो, पण तिथे ज्यांचे बापजादे आधीच पोचले आहेत तेच राहतात. खानदेशातल्या मुलाला ही पायरीच लागत असते. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक १४८ दिवस संपावर होते आणि यंत्राच्या वापरावर मर्यादा हा त्यांच्या मागण्यांतला ठळक भाग होता. त्यांच्यामागे संघटना होती. इथल्या मुलाच्या मागे ती नाही.

६

उरतो तो जबाबदारीचा प्रश्न. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती. मालकी कोणाची हे यातून कळेल. कृती कोणाला बांधील आहे हे कळत नाही. मृत गायकांचे आवाज ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम'साठी (२०२४) यंत्राने पुन्हा घडवले, तेव्हा कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला. आशा भोसले यांच्या आवाजाच्या यांत्रिक नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये त्यांना अंतरिम संरक्षण दिले. नामवंतांच्या आवाजाला असे दार निदान ठोठावता येते.

पण 'रांझणा'चे प्रकरण मला अधिक अस्वस्थ करते. २०१३ च्या या चित्रपटाची तमिळ आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये यंत्राने शेवट बदलून पुन्हा प्रदर्शित झाली. मेलेला नायक जगला. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नट धनुष यांनी जाहीर नापसंती दाखवली, तरी प्रदर्शन झाले. हक्क निर्मितीसंस्थेकडे होते. आता 'संत तुकाराम'चा विचार करा. उद्या कोणाला वाटेल की जिजाईला मागे ठेवणे बरे दिसत नाही. तिलाही गरुडावर बसवू. तंत्राला ते सहज जमेल. प्रेक्षकांना आवडेलही. चित्रपट मात्र मेलेला असेल. कारण जिजाईचे मागे राहणे हा कोणीतरी विचारपूर्वक केलेला, कडू वाटला तरी न बदललेला निर्णय आहे. यंत्र जागा घेईल ती नटांच्या आधी अशा निर्णयांची, ही माझी खरी भीती आहे.

७

ताटीकडे येतो. त्या दृश्यात दाखवण्यासारखे काही नाही. बंद दार आहे, आत मोठा भाऊ आहे, बाहेर लहान बहीण आहे. लोकांनी दुखावलेला ज्ञानी माणूस रुसला आहे, आणि जिला समजावण्याचा अधिकार वयाने नाही तीच समजावते आहे. ताटीचे अभंग परंपरेने मुक्ताईचे मानले जातात. कीर्तनकार ते घेतो तेव्हा त्याच्यामागे पडदाही नसतो. सगळे अवलंबून असते आवाजावर, थांबण्यावर, आणि दार उघडेल की नाही या अनिश्चिततेवर.

यंत्र हे दृश्यही करून देईल. डोळ्यांत पाणीही आणील, आणि एखाद्या दिवशी ते पाणी खऱ्यापासून ओळखता येणार नाही. ओळखता येत नाही म्हणून दोन्ही सारखे, असे मात्र मी मानत नाही. यात्रेत कर्ण्यावर ध्वनिमुद्रित हरिपाठ दिवसभर चालू असतो आणि रात्री कीर्तनकार उभा राहतो. शब्द बहुधा तेच असतात. पण कर्ण्याला कोणी शंका विचारत नाही, आणि समोरच्या बाया उठून निघाल्या तर कर्ण्याचे काही बिघडत नाही. नटीचेही तसेच आहे. ती चुकू शकते, नकार देऊ शकते, सातव्या वेळी पहिल्या सहांपेक्षा वेगळे काही करू शकते. ताटीच्या दृश्याचा आशयच समोरच्याला नाही म्हणण्याची मुभा आहे हा आहे. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडून हे दृश्य घेतले तर शब्द राहतात आणि दृश्य जाते.

तेव्हा जागा घेण्याचा हिशेब असा मांडता येईल. साच्यातले भक्तिपट, जाहिराती, पौराणिक मालिकांतली युद्धे यांत माणसाने आधीच साचा वापरला होता. तिथे यंत्र जागा घेईल आणि त्याचे फार दुःख करण्याचे कारण नाही. त्या जागांवर पोट असलेल्यांची सोय मात्र कोणाला तरी पाहावी लागेल. वाघ आणि भिंत यंत्राने न्यावी. मुक्ताईनगरसारख्या ठिकाणी अधिक निकडीचे काम वेगळे आहे. यंत्राचे पहिले चित्र रुळण्याआधी इथली माणसे, इथली केयी, इथले बोलणे कॅमेऱ्यासमोर यायला हवे. त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. दरवर्षी मुक्ताईची पालखी महिन्याभराची वाट चालून पंढरीला जाते. तिच्याबरोबर जाणाऱ्या बायांचे ताटीविषयीचे बोलणे कोणी त्यांच्याच बोलीत चित्रित केले, तर तेवढ्यानेही सुरुवात होईल. बहिणाबाईंना उतरवून घेणारा माणूस घरातच मिळाला होता.